स्वस्तातली सेमी-हॉलो: एका गिटारीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

खोकं उघडलं. गिटार देखणी आहे, यात वाद नाही. चेरीसारखा लाल रंग, दोन्ही बाजूंना एफ आकाराची भोकं, कडेने दुधी पट्टी. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, ही तर हुबेहूब त्या मोठ्या गिटारीसारखी दिसते." दिसणारच. दिसण्यात या किमतीतही कोणी हात आखडत नाही. हात आखडतात तो न दिसणाऱ्या जागी, आणि सेमी-हॉलोत, म्हणजे अर्धपोकळ गिटारीत, न दिसणाऱ्या जागाच फार.

वही उघडली ती एका प्रश्नासाठी. स्वस्तातली सेमी-हॉलो घेण्यात अर्थ आहे का? अकरा वर्षं मी सॉलिड बॉडीच, म्हणजे भरीव अंगाची इलेक्ट्रिक गिटार, वाजवत आले. तिथलं गणित पाठ आहे: नेक (तारांखालचा लांब दांडा) सरळ असली की घेऊन टाकायची, बाकीचं सवडीने बदलायचं. तेच गणित इथे बसतं का, ते बघायचंय. माथ्यावरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष निघालेच तर ते या किमतीचे धरायचे, एका कंपनीचे नाहीत.

काहीही न छेडता आज एक रेकॉर्डिंग करून ठेवलं. ए मायनरमधला छोटासा तुकडा, आधी स्वच्छ आवाजात, मग थोडा ओव्हरड्राइव्ह लावून, म्हणजे फाटक्या आवाजात. ऑडिओ इंटरफेसमधून थेट. प्रत्येक टप्प्यानंतर हाच तुकडा, हाच अँप, हीच सेटिंगं.

६ जानेवारी

आज फक्त डोकावणं. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा काडीवरचा छोटा आरसा आणि एक बारीक टॉर्च, दोन्ही एफ-भोकातून आत.

बघायचा होता मधला ठोकळा. 'सेमी-हॉलो' हा शब्द हल्ली फार सैल वापरतात. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात घुमायला लागते: स्पीकरचा आवाज वरच्या पातळ फळीला हलवतो, फळी तारांना हलवते, पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारी चुंबक-गुंडाळी) ते पुन्हा अँपकडे पाठवतो, आणि हे चक्र थांबत नाही. त्यावर तोड म्हणून गिब्सन कंपनीने १९५८ साली ईएस-३३५ ही गिटार काढली. अंगाच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा, दोन्ही बाजूंचे पंख पोकळ. १९४० च्या सुमाराला गिटारवादक लेस पॉलनी हाच विचार फार ओबडधोबड रीतीने करून पाहिला होता. चौकोनी ओंडक्यावर नेक आणि पिकअप बसवायचे, आणि गिटार दिसावी म्हणून पोकळ गिटारीचे दोन अर्धे बाजूंना जोडायचे. त्या गिटारीचं नावच 'लॉग', म्हणजे ओंडका.

आता घोळ असा, की १९६१ ची एपिफोन कॅसिनो लांबून अगदी तशीच दिसते, पण तिच्या आत ठोकळाच नाही. उलट फेंडरची १९६८ ची थिनलाइन टेलिकास्टर म्हणजे भरीव फळी आतून पोखरलेली. तिन्ही आपापल्या जागी उत्तम. विकताना मात्र या सगळ्या जातीच्या गिटारी एकाच रांगेत टांगतात, आणि घरी आणून आवाज वाढवला की कळतं आपण कोणती आणली ते.

माझ्या गिटारीत ठोकळा आहे. नेकपासून शेपटापर्यंत अखंड. आरशात त्याची उभी भिंत दिसली आणि तिच्यावरून मेणबत्तीसारखा ओघळून वाळलेला डिंक. पुसायची तसदी कोणी घेतलेली नाही, पण सांधा पक्का आहे. ब्रिजजवळच्या (अंगावर तारा जिथे टेकतात तो ब्रिज) पिकअपखाली ठोकळ्याला खाच मारून वायरी पलीकडे नेल्यात. हे लक्षात ठेवायचं.

भावाने भोकाची कड बघितली. "ताई, हे प्लायवूड आहे!" आवाज असा, की जणू मी फसले. तर याचं उत्तर इथे लिहून ठेवते, कारण हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागणार. १९५८ च्या मूळ गिटारीचं अंगही प्लायचंच होतं, मेपल-पॉपलर-मेपल. थर दाबून कमान देता येते, फळी ताठ राहते आणि घुमणं कमी होतं. महाग गिटारीतही प्लायच आणि स्वस्तातही प्लायच. पैसे वाचवलेत ते इथे नाहीत.

८ जानेवारी

मापं घेतली. वजन ३.७ किलो, खांद्याला चालेल. नेकचा बाक ०.४ मिमी, हवा त्याच्या दुप्पट. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) तारांची उंची जाड तारेखाली २.६, बारीक तारेखाली २.२ मिमी. हे ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) आणि ब्रिजच्या चाकांनी उतरेल.

खरा दोष नटमध्ये. नट म्हणजे तारा जिथून खुंट्यांकडे वळतात ती पांढरी पट्टी. पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचा भाग) आवळायचा नट वेगळा, तो पुढे येईल. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते बघतात. केसभर हवी. इथे सहाव्या तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकलं. मोकळी तार सुरात लावून पहिल्या फ्रेटवर एफ धरला, तर ट्यूनर १४ सेंट वर (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). म्हणजे खालच्या तीन फ्रेटांवरचा प्रत्येक कॉर्ड थोडा चढा लागणार. शिकणाऱ्याला वाटेल, आपला हात वाईट.

९ जानेवारी

ट्रस रॉड पाव फेरा. रात्रभर ठेवली. बाक ०.२ मिमी. पुढे.

११ जानेवारी

नटचा दिवस. तारेच्या जाडीच्या कानशी एका मित्राकडून उसन्या आणल्या.

हे काम कसं चालतं ते नीट लिहिते, कारण सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त फळ यानेच दिलं. तार सैल करून बाजूच्या खाचेत ठेवायची. कानस खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती धरायची, म्हणजे तार खाचेच्या फ्रेटकडच्या कडेवरच टेकेल. चार घास, तार परत बसवायची, सुरात लावायची, तिसरा फ्रेट दाबून पहिल्यावर बघायचं. पुन्हा चार घास. कंटाळा आला की उठून जायचं, कारण शेवटचा घास नेहमी कंटाळ्यातच जास्त पडतो. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासून झणझणते. तंबोऱ्याला जवारी काढायला जाणकार लागतो; इथे ती चुकून, फुकटात निघते आणि नको असते.

पाच तारा सुरळीत पार पडल्या. तिसऱ्या तारेला खाच आधीच तिरकी कापलेली होती, त्यामुळे तार खुंटीने ओढताना टिक् असा आवाज होऊन अडकत असे आणि मग एकदम सूर उडी मारत असे. ती सरळ केली, पेन्सिलीचं शिसं चोळलं. दोन तास गेले. पहिल्या फ्रेटवरचा एफ आता ३ सेंट वर. तेवढं मला ऐकू येत नाही.

१४ जानेवारी

बी स्ट्रिंग नवव्या फ्रेटवर ताणली की दहाव्यावर सूर मरतो. तीन फ्रेटांवर टेकणारी छोटी पट्टी ठेवून डोलवली: नवव्या-दहाव्या-अकराव्यावर टक टक. दहावा उंच. बारीक तारांच्या बाजूचं त्याचं टोक लाकडातून उचललं गेलंय. नखाने दाबलं की खाली जातं, सोडलं की वर. फ्रेटबोर्डला चिकटपट्टी लावून पातळ सुपरग्लूचा एक थेंब सांध्यात सोडला, वर लाकडी ठोकळा ठेवून क्लॅम्प केला. सुकल्यावर टक टक बंद. घासायची वेळच आली नाही.

बाकी फ्रेटांची टोकं हाताला टोचत नाहीत. मात्र चमक नाही, तार ताणताना वाळूवरून ओढल्यासारखं वाटतं. बारीक पॉलिश पेपर, मग आणखी बारीक, मग कापड. टीव्ही बघत करायचं काम.

१५ जानेवारी

ब्रिजवर इंटोनेशन (नेकभर सूर बरोबर लागावा म्हणून तारेची लांबी) लावून दुसरं रेकॉर्डिंग. आत्तापर्यंतचा नवीन भागांचा खर्च: तारांचा एक संच. गिटार ओळखू येत नाही इतकी बदलली.

इथेच थांबले असते तर बरं झालं असतं, असं आज (१० फेब्रुवारीला) मागे वळून हे समासात लिहितेय.

२० जानेवारी

ड्रमसोबत पहिला सराव. तीन तक्रारी घेऊन घरी आले.

एक, घुमणं. अँपकडे तोंड करून उभी राहिले की जी आणि ए च्या आसपास खालचा हुंकार चढतो. हे अपेक्षित होतं. ठोकळ्याने ते कमी होतं, संपत नाही. दोन पावलं बाजूला सरकून अंग वळवलं की आटोक्यात येतं, आणि खरं सांगायचं तर लांबवलेल्या सुराला तो हुंकार अलगद उचलून धरतो तेव्हा सॉलिड बॉडी विसरायला होते. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग आपल्या गिटारीच्या भोकांत कापड कोंबत असत; १९८० पासून त्यांच्या नावाने निघालेल्या 'लुसिल'ला तर एफ-भोकंच ठेवली नाहीत. मीही स्पंजचे दोन तुकडे कापून भोकांत बसवले. फरक पडला. दिसतं भयंकर.

दोन, शिट्टी. ही वेगळी भानगड. ओव्हरड्राइव्ह लावून ब्रिज पिकअपवर गेलं की वरच्या पट्टीत बारीक, कान फाडणारी किंकाळी. स्पंजने तसूभर कमी होत नाही. सगळ्या तारा तळहाताने घट्ट दाबल्या, अंगही दाबून धरलं, तरी चालूच. म्हणजे दोष पोकळ अंगाचा नव्हे, पिकअपच्या आतली गुंडाळी सैल आहे आणि तीच थरथरतेय. पिकअपच्या झाकणावर नखाने टकटक केलं तर स्पीकरमधून माईकवर टकटक केल्यासारखा आवाज आला. हीच परीक्षा. सेमी-हॉलोवर शिट्टी आली की लोक सरसकट "पोकळ आहे, असंच होणार" म्हणून सोडून देतात. हुंकार आणि शिट्टी हे दोन वेगळे आजार आहेत.

तीन, केबल हलली की आवाज जातो. जॅक बाहेरून हाताने गोल फिरतो. आत वायर पिळली जाणार आणि एक दिवस तुटणार.

२२ जानेवारी

केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर, काही न उघडता. नेक पिकअप ७.६, ब्रिज पिकअप ८.४ किलोओहम. अगदी सभ्य आकडे. व्हॉल्यूम पॉट मात्र विचित्र: १० वरून ८ वर आणेपर्यंत आवाज जवळजवळ गायब, आणि ८ पासून ० पर्यंत काहीच घडत नाही. टोन पॉट खरखरतात.

पिकअप बदलायचे नाहीत, मेणात बुडवायचे, म्हणजे सैल गुंडाळी घट्ट बसेल. पॉट, पिकअप निवडायचा स्विच, जॅक बदलायचे. म्हणजे सगळं वायरिंग एफ-भोकातून बाहेर. सॉलिड बॉडीत मागचं झाकण चार स्क्रूंनी उघडतं. इथे झाकणच नाही. वायरिंग आत गेलं त्याच वाटेने बाहेर येणार, बाटलीतल्या जहाजासारखं.

२६ जानेवारी

सकाळी नऊला बसले. आधी पुठ्ठ्यावर चारही पॉट, स्विच आणि जॅक यांच्या भोकांचा नकाशा काढला. त्याच पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात नवीन पॉट बसवायचे, बाहेरच सोल्डर करायचं, आणि तयार जाळं आत सोडायचं.

मोठे, २४ मिमीचे पॉट आणायचा मोह झाला होता. बरं झालं आधी माप घेतलं. स्वस्त गिटारीतली भोकं ७ मिमीच्या आसपास असतात, मोठ्या पॉटची मान साडेनऊ मिमीची. भोक वाढवायला ड्रिल लावलं की वरचं पॉलिश तडकतं आणि प्लायचा थर सुटतो. म्हणून त्याच मापाचे, १६ मिमीचे, पण चांगल्या प्रतीचे ५०० किलोओहमचे पॉट. कॅपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचे.

जुने काढायची रीत: बटण उपटायचं. पॉटची दांडी वरून चिरलेली असते, त्या चिरेत गाठ मारलेला दोरा अडकवायचा. आवळायचा नट सोडवायचा, पॉट आत ढकलायचा, दोरा भोकातून बाहेर लोंबत राहतो. सहा भोकांना सहा रंगांचे दोरे. नंतर त्याच दोऱ्यांनी नवीन पॉट आपापल्या भोकाशी ओढायचे. जाळं बाहेर आल्यावर जुने पॉट मोजले: ४३८, ४६१, ५१२ आणि ३८९. छापलेलं होतं ५००. वीस टक्के इकडेतिकडे चालतं असं धरलं, तरी शेवटचा नापासच. सोल्डरचे गोळे हरभऱ्याएवढे, आणि जॅकची वायर दोनच केसांवर लटकलेली.

एवढं होईपर्यंत दुपारचे दोन. आवळायच्या नटाखालची एक चकती हातून निसटून आत पडली. गल्ल्यातून नाणं काढावं तशी गिटार उलटी धरून हलवली. चकती नाही आली, पण कारखान्यापासून आत राहिलेली लाकडाची एक ढलपी बाहेर पडली. भाऊ म्हणाला, "बघ, अहेर."

२७ जानेवारी

पिकअप मोकळेच होते, म्हणून मेण आज. भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, त्यात पॅराफिन आणि सुमारे पाचवा हिस्सा मधमाश्यांचं मेण. थेट आचेवर कधीही नाही; मेण पेट घेतं. थर्मामीटर ६५ अंशांवर धरून ठेवला, त्याच्या वर गुंडाळीचा प्लास्टिकचा साचा वाकायची भीती. ब्रिज पिकअप बुडवला तशी झाकणाच्या कडेने बुडबुड्यांची माळ सुरू झाली. वीस मिनिटांनी एक-एक, मग बंद. तेवढी हवा आत होती. बाहेर काढला, पुसला, थंड होऊ दिला, नखाने टकटक: आता नुसता ठप् असा आवाज.

संध्याकाळी जाळं आत. शेपटाच्या खिळ्याकडे जाणारी अर्थिंगची वायर विसरायची नाही, विसरलं की सगळं पुन्हा बाहेर. भोकापासून सर्वांत लांबचा पॉट आधी, जवळचा शेवटी. दोरा ओढला की दांडी भोकाखाली येते, दिसते, आणि अडते. मग एफ-भोकातून वाकवलेल्या तारेने तिला मागून ढुसणी द्यायची. एका वेळी तीन दोरे ताणलेले, चौथा दातात, भाऊ टॉर्च धरून "डावीकडे, नाही, माझ्या डावीकडे." तिसऱ्या पॉटला नट लावताना पहिला सैल होऊन परत आत. दोनदा.

पावणेआठला केबल लावली. आवाज आला. फक्त स्विच उलटा: वर केला की ब्रिज, खाली केला की नेक. स्विच अर्धा फेरा फिरवून बसवल्यावर तेही मिटलं.

३ फेब्रुवारी

तिसरं रेकॉर्डिंग. आणि भावाची परीक्षा: तिन्ही तुकड्यांची स्वच्छ आवाजातली आवृत्ती, नावं झाकून, क्रम बदलून, पाच वेळा.

पहिला (खोक्यातून काढल्यासारखा) पाचही वेळा ओळखला. "हा बेसूर आहे." दुसरा आणि तिसरा, म्हणजे वायरिंगच्या आधीचा आणि नंतरचा, यांत तो तीनदा चुकला. मग मी स्वतः ऐकलं. मीही दोनदा चुकले.

ओव्हरड्राइव्हमध्ये गोष्ट वेगळी, शिट्टी गेली. पण ती मेणाने गेली. पॉट बदलल्याचा फायदा रेकॉर्डिंगमध्ये नाही, बोटांत आहे: व्हॉल्यूम ६ वर ठेवून स्वच्छ, १० वर नेऊन फाटका, असं आता वाजवता येतं. आधी येत नव्हतं. मी तसं वाजवते, म्हणून मला ते हवं होतं. ज्याला व्हॉल्यूमचं बटण कायम १० वरच ठेवायचं आहे, त्याच्यासाठी माझे ते दोन दिवस वायाच.

१० फेब्रुवारी

तासांचा हिशेब. नट दोन. फ्रेट आणि पॉलिश तीन. ट्रस रॉड, उंची, इंटोनेशन मिळून एक. वायरिंग आणि मेण मिळून पंधरा. आवाज जो सुधारला त्यातला बराचसा पहिल्या सहा तासांत.

तेव्हा सॉलिड बॉडीचं गणित इथे बसत नाही. तिथे "आतलं नंतर बदलू" म्हणून घेणं शहाणपणाचं असतं. सेमी-हॉलो तशी घेऊ नये. लाकूड, आकार, ठोकळा हे स्वस्तातही ठीक मिळतं. नट आणि फ्रेट घरी होतात, नाहीतर कारागिराकडे पहिल्याच आठवड्यात टाकावी, तेवढे पैसे किमतीतच धरावेत. पण ज्या गिटारीचे पॉट, जॅक, पिकअप दुकानातच कुरकुरतात, ती तिथेच ठेवून शेजारची उचलावी. त्याच नावाची, त्याच रंगाची दुसरी. एकाच खेपेतल्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक निघू शकतो. आणि कारागिराकडे वायरिंगला दिली तर तो तासांचे पैसे घेणार. त्याचेही तास पंधरा नसले तरी दीड नक्कीच नसतील.

मी पुन्हा घेईन का? घेईन. नखाने टकटक करून.

१६ फेब्रुवारी

भावाच्या ओळखीतल्या एकाला अशीच घ्यायची आहे. त्याने विचारलं, "तुझ्या ताईला दहा मिनिटांसाठी आणतोस का?" आरसा आणि टॉर्च पिशवीत टाकले. अँप जोरात लावू देतील का ते आधी विचारून ठेव म्हटलं. नाही म्हणाले तर जायचंच नाही.

रात्री उशिरा केबल न लावताच अर्धा तास वाजवली. सॉलिड बॉडी अशी वाजवली तर स्वतःलाही ऐकू येत नाही. हिचा आवाज खोलीपुरता भरतो, शेजारच्या खोलीत जात नाही. घेण्याचं हे कारण मी ५ जानेवारीला लिहिलंच नव्हतं, आणि सध्या जास्त वेळ तीच वापरली जातेय.

ती चकती अजून आत आहे. पाचव्या तारेवर चौथ्या फ्रेटचा सी-शार्प जोरात वाजवला की खणखणते.